एकेका पोराला एकेक म्हैस

आमच्या पेठेत दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळतात. पुण्याच्या माझ्या नणंदेला हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की हातातला चहा साडीवर सांडला. पण कोल्हापुरात ही रीत जुनी आहे. म्हशीला भादरायचं, तेल चोळून काळीभोर चकचकीत करायची, शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरू आणि कवड्यांच्या माळा घालायच्या आणि रस्त्यावर आणायची. मग मालक मोटरसायकलवर बसतो. गाडीचा सायलेन्सर काढून ठेवलेला असतो. त्या कान फाडणाऱ्या फटफटाटामागं ती एवढी थोरली म्हैस जीव खाऊन पळत सुटते. तिला दोरी नसते, मागून काठी नसते. कित्येक महिने रोज ऐकून तो एक आवाज तिनं आपला म्हणून धरलेला असतो, बस्स.

लग्न होऊन या पेठेत आले तेव्हापासून पाडव्याला मी खिडक्या लावून घ्यायची. मला तो आवाज सोसायचा नाही. माझी नोकरी सरकारी दवाखान्यात, कॅज्युअल्टीत. तिथून घरी आल्यावर कानाला शांतता हवी असते.

कॅज्युअल्टीत काय काय येतं ते सांगत बसत नाही. पण अलीकडे कोयत्याच्या जखमा फार येतात, आणि त्या ज्यांच्या अंगावर असतात त्यांना धड मिसरूड फुटलेलं नसतं. आधी ही पोरं मोठ्यानं बोलतात, शिव्या देतात, मोबाईल मागतात. मग भूल ओसरली की आईला हाक मारतात. आया बाहेर बाकावर बसलेल्या असतात. त्यातल्या कित्येक जणी चप्पल हातात घेऊन बसलेल्या मी पाहिल्यात. पायात का घालत नाहीत, हे मला कधी कळलं नव्हतं. विचारायचं धाडसही झालं नाही.

माझा मुलगा बारावीला नापास झाला आणि घरी बसला, त्या वर्षाची ही गोष्ट. घरी बसला म्हणजे घराबाहेर बसला. चौकात एक भाई होता. त्याचे वाढदिवसाचे फ्लेक्स लागायचे, भर रस्त्यात तलवारीनं केक कापला जायचा आणि पोरं त्याचे व्हिडिओ स्टेटसला ठेवायची. माझा मुलगा एका व्हिडिओत मला दिसला. केकचा तुकडा भाईच्या तोंडात घालत होता. लहानपणी माझ्या हातचा घास घेताना नखरे करायचा, आणि इथं वाकून भरवत होता. माझा संताप संताप झाला.

मी ओरडले तर म्हणाला, "भाई मला नावानं हाक मारतोय आई. घरात मला कोण विचारतंय?"

त्याचे वडील कागलच्या एमआयडीसीत शिफ्टवर, मी दवाखान्यात शिफ्टवर. घरात त्याला विचारायला भिंती होत्या. हे मला कळत होतं, पण म्हणून नोकरी सोडून पोराच्या मागं फिरणं परवडणारं नव्हतं. मी एवढंच करायचे. ड्यूटीवर स्ट्रेचर आत आलं की आधी पायांकडे बघायचे. मुलाच्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख लहानपणी ठेचलेलं आहे. ते नख नाही हे बघून मगच मी कामाला लागायचे. दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाचे पाय आहेत म्हणून मला हायसं वाटायचं. असं वर्षभर चाललं होतं.

मग आमच्या गल्लीतली दोन पोरं एका मारामारीत सापडली आणि सुधारगृहात गेली. तेव्हा कुठं तालीम जागी झाली. तालीम म्हणजे आमच्या पेठेचं घरच. कुस्ती तिथं, गणपती तिथं, महापूर आला की होडी तिथली आणि भाकरीही तिथलीच. सगळ्यांना बोलावणं आलं. पोलीस खात्यातले एक साहेब येऊन भाषण करून गेले. पोरांनी त्यांच्याबरोबर सेल्फी काढले. साहेब गेल्यावर खरी बैठक सुरू झाली. कुणी म्हणालं अभ्यासिका काढू, कुणी म्हणालं व्याख्यानं ठेवू. एकानं फुटबॉल सुचवला, तर दुसरा म्हणाला, "फुटबॉल हायच की. भांडणं तिथनंच सुरू होत्यात." ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्यांच्यातलं एक पोरगं तिथं नव्हतं. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल.

खरीखुरी म्हैस आणली ती आक्कानं. आक्का म्हणजे आमच्या बोळाच्या तोंडाशी जिचा गोठा आहे ती. साठी ओलांडलेली, आडव्या बांध्याची, तोंडानं फटकळ. नवरा गेल्यावर गोठा तिनंच चालवला. मुलगे शिकून पुण्याला गेले. आमच्याकडच्या कित्येक बायका स्वतःबद्दल बोलताना "मी करतो, मी जातो" असंच म्हणतात, तशीच तीही.

ती उठून म्हणाली, "पोरास्नी काम न्हाय म्हणून ती त्या भाईच्या दारात पडत्यात. आमच्या दारात म्हशी हैत आन् माणूस न्हाय. एकेका पोराला एकेक म्हस जोडून द्या. सकाळ-सांज तिचं सगळं त्यानंच बघायचं. मी देतो माझ्यातल्या. बाकीच्या गवळ्यांनी बी द्याव्यात."

कुणीतरी हसून म्हणालं, "आक्का, फुकटात गडी पायजे म्हण की."

"व्हय, पायजे," आक्का म्हणाली. "त्यात लाजायचं काय?"

सगळे हसले, मीही हसले. पण त्याच आठवड्यात तालमीची माणसं घरोघर फिरली आणि पोरांना म्हशी वाटल्या गेल्या. माझा मुलगा तयार झाला याचं मला नवल वाटलं. त्याचा शाळेतला सोबतीही तयार झाला. दोघं बालवाडीपासून एका बाकावरचे, आणि आता भाईच्या चौकातही एकाच कट्ट्यावरचे. त्यांना ना दूध हवं होतं ना शेण. आक्कानं त्यांना सांगितलं होतं की नीट सांभाळली तर पाडव्याला म्हैस तुम्ही पळवायची. त्या एका गोष्टीसाठी दोघं गेले.

पहिल्याच दिवशी मुलगा घरी आला तो कोपरापर्यंत शेणानं माखून. माझं डोकं फिरलं.

याला कारण होतं. माझे आजोबा शिरोळकडचे. धम्म घेतल्यावर त्यांनी गावकीची कामं सोडली. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, कुणाच्या दारचं शेण काढायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. गावानं कोंडी केली तेव्हा गाव सोडलं, पण शब्द सोडला नाही. आमच्या घरात ही गोष्ट सांजेला दिवा लावावा तशी रोज सांगितली जायची. आणि त्यांचा पणतू आता गवळणीच्या गोठ्यात घमेलं उचलत होता.

मी तशीच गोठ्यात गेले. आक्का धार काढत होती. मी म्हटलं, "माझं पोरगं तुमच्या दारचं शेण काढणार नाही."

"का?" तिनं मान न वळवता विचारलं.

मी सगळं सांगितलं. आजोबांचं, गावाचं, सगळं. बोलताना माझा आवाज चढला होता. तिनं धार पुरी केली, बादली बाजूला ठेवली, मग माझ्याकडं वळली.

"तुझ्या आज्याला दुसऱ्याच्या जनावराचं काढाय लावलं," ती म्हणाली. "ही म्हस दुसऱ्याची न्हाय. पाडव्यापतुर दूध माझं, म्हस तुझ्या पोराची. तालमीत सगळ्यांम्होरं सांगतो. माईकवर नाव त्याचं पुकारायचं, माझं न्हाय. आन् शेण तर मी बी काढतोय जन्मभर. चल आत, च्या घे."

तिनं मला स्वयंपाकघरात नेलं, ओट्याजवळ बसवलं. चहा चांगला होता. पण माझं समाधान झालं असं म्हणणार नाही. एका कपानं पिढ्यांचा हिशेब फिटत नसतो. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, तू तरी काही बोल. तो जेवता जेवता म्हणाला, "भाईच्या दारात तो गाड्या पुसतोय ते तुला चालतंय व्हय?" हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो गोठ्यात निघाला तेव्हा मी त्याला अडवलं नाही.

त्याचा सोबती चार दिवसांत गोठ्यातून पळाला. आणखीही काही पोरं गळाली. माझा मुलगा टिकला, पण त्याचं सगळं लगेच सुधारलं असं समजू नका. सकाळी गोठा, संध्याकाळी गोठा आणि मधल्या वेळात भाईचा चौक. दोन्हीकडं तितकाच रमायचा. मी आक्काला म्हटलं, तुमच्या म्हशीनं अर्धंच पोरगं परत आणलंय. ती म्हणाली, "अर्धं कमी हाय व्हय?"

त्याच्या वाट्याला आलेली म्हैस अडेल होती. तिचं पारडू दगावलं होतं आणि तेव्हापासून ती पान्हा चोरायची. आक्काला कसंबसं दूध द्यायची, बाकी कुणाला लाथ. आक्का म्हशींना नावं ठेवायची नाही. नाव ठेवलं की विकताना जीव तुटतो, असं तिचं म्हणणं. मुलगा तिला नुसतं 'बये' म्हणायचा. त्यानं लाथा खाल्ल्या, मांडीवर निळे डाग घेऊन घरी आला, आणि पहाटे पुन्हा उठून गेला. ज्याला उठवायला मी तोंडावर पाणी मारायची, तो आपणहून उठत होता, कारण उशीर झाला की ती हंबरायची आणि ते आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं.

एकदा सकाळच्या ड्यूटीला निघताना मी गोठ्यात डोकावले. तो उकिडवा बसला होता. कपाळ तिच्या कुशीला टेकलेलं, डोळे मिटलेले. कुठलं तरी मोबाईलमधलं गाणं गुणगुणत होता. त्याची बोटं हलत होती आणि बादलीत काहीच पडत नव्हतं. तो थांबला नाही, चिडला नाही. ज्या पोराला डाउनलोड व्हायला वेळ लागला तर फोन आपटावासा वाटायचा, तो तिथं बसून राहिला होता. मग म्हशीनं एक मोठा श्वास सोडला. तिचं पोट हललं, आणि बादलीत धार वाजली. पुन्हा वाजली. मग वाजतच राहिली.

माझी बस चुकली, पण मी तिथून हलले नाही. माझ्या कामात मी रोज माणसाच्या अंगातून रक्त येताना बघते. एका जिवानं दुसऱ्यावर विश्वास टाकून अंगातलं काही असं सोडून दिलेलं मी पाहिलं नव्हतं. माझा मुलगा हे करू शकतो, त्याच्या हातात हे आहे, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. तेच हात. मी त्यांची नखं कापली होती. मला ते ओळखू येईनात.

पावसाळा संपला तसा पळवण्याचा सराव सुरू झाला. आणि इथं आक्कानं एक घोळ करून ठेवला. तिच्या नवऱ्याची जुनी गाडी गंजून पडली होती. आमच्याकडं एक स्कूटर. पण मुलाच्या बुडाखाली तेव्हा भाईनं वापरायला दिलेली मोटरसायकल असायची. आक्कानं तिचाच सायलेन्सर काढायला लावला. मुलगा रोज ती गाडी फटफटवत पुढं जायचा, "ये, बये, ये" म्हणत, आणि म्हैस त्या आवाजाला लागत गेली. मी आक्काला सांगितलं, ती गाडी भाईची आहे, त्या गाडीवरून हे काय काय करतात तुम्हाला ठाऊक आहे का? आक्का म्हणाली, "गाडी कुणाची का असंना. आवाज चांगला हाय."

म्हशीला ओढायचं नाही, हा आक्काचा धडा. ओढलं की ती सगळं वजन मागं टाकते, मग दहा माणसांनाही हलत नाही. पुढं व्हायचं आणि हाक मारायची. आली तर आली.

वसुबारसेच्या दिवशी दुपारी मी बसमधून तालमीजवळ उतरले. हातात डब्याची पिशवी होती. बोळातून ती गाडी येताना ऐकू आली. मला वाटलं सराव चाललाय. गाडी माझ्या जवळून गेली तशी दिसलं की पुढं मुलगा आहे, मागं त्याचा सोबती, आणि दोघांच्या मध्ये पोत्यात गुंडाळलेलं लांबट काहीतरी. मला काय ते ओळखायला पोतं उघडायची गरज नव्हती. त्या पोत्यातल्या वस्तूनं केलेल्या जखमा मी रोज धुते. मी हाक मारली. त्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार? दोघं हमरस्त्याच्या दिशेनं निघाले होते. हमरस्ता ओलांडला की पलीकडं भाईची माणसं थांबत, हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं.

मी धावायला लागले. आणि मागून घुंगरू ऐकू आले.

राड्याच्या घाईत माझ्या शहाण्या लेकाच्या एक गोष्ट ध्यानातच राहिली नव्हती. तो गोठ्यावरून गेला होता, त्याच गाडीनं, सायलेन्सर नसलेल्या. रंग बसतोय का बघायला आक्कानं त्या दिवशी म्हशीचं एकच शिंग हुरमुंजीनं तांबडं केलं होतं. दुसरं काळंच होतं. तशीच ती दावं तोडून निघाली. तुटक्या दाव्याचं टोक गळ्याशी लोंबत होतं. ती माझ्या शेजारून गेली तेव्हा जमीन हादरलेली तळपायाला कळली. इतकं थोरलं जनावर इतक्या जोरात जाऊ शकतं, आणि जाताना रस्त्यातल्या एका पोराला, एका हातगाडीला धक्का लागू देत नाही! मी रडत होते, घाबरले होते, आणि तरी त्या क्षणी मी थक्क झाले. तिला बाकी जगाशी देणंघेणं नव्हतं. तिचा माणूस पुढं चालला होता आणि ती त्याच्यामागं चालली होती. तिच्यामागं पदर खोचून आक्का, आणि आक्काच्या बरोबरीनं मी. पेठेतली माणसं दारात येऊन बघत होती.

हमरस्त्यावर त्या वर्षी उसाच्या ट्रॉल्या दिवाळीआधीच सुरू झाल्या होत्या. एकामागून एक ट्रॅक्टर, मध्ये ट्रक. माझा मुलगा मोटरसायकलवरून तो रस्ता पार करू शकला असता. म्हशीला जमलं नसतं. पण तो गेला असता तर ती गेलीच असती.

रस्ता थोडा राहिला असताना त्यानं आरशात पाहिलं असावं. त्याची मान ताठ झालेली मला मागून दिसली. मग त्यानं गाडी बंद केली.

सोबती ओरडला, "आरं काय करालाईस? भाई थांबलाय."

"म्हस आलीया," माझा मुलगा म्हणाला.

"येऊ दे की."

"रस्त्यावर येईल ती."

तो गाडीवरून उतरला. सोबती शिवी देऊन पुढं सरकला, किक मारली, आणि तो आवाज पुन्हा उठला. जो आवाज म्हणजे पळ, असं त्या म्हशीला महिनोन्‌महिने शिकवलं होतं, तोच. तिचे दोन्ही कान तिकडं वळले. अंगाची कातडी थरथरली. गाडी ट्रॉल्यांच्या फटीतून पलीकडं निघाली होती.

"दावं धर!" आक्का ओरडली. स्वतःचाच धडा ती विसरली होती.

मुलानं दावं धरलं नाही. त्यानं रस्त्याकडं पाठ केली, आमच्याकडं तोंड केलं आणि गोठ्याच्या दिशेनं चालू लागला. मोठ्यानंही बोलला नाही. रोज पहाटे ज्या आवाजात म्हणायचा त्याच आवाजात म्हणाला, "ये, बये, ये."

मागं वळून त्यानं पाहिलं नाही. ती येते की नाही हे त्याला दिसत नव्हतं, मला दिसत होतं. ती उभी होती. एकीकडं तो फटफटाट लांब जात होता, दुसरीकडं हा एक शेणकट पोरगा पाठ करून चालला होता. तिनं तांबडं शिंग रस्त्याकडं फिरवलं. मग मान खाली घातली, वळली, आणि सावकाश, पळून दमलेल्या पावलांनी त्याच्यामागं निघाली. त्याच्या पाठीला नाक लागलं तेव्हा कुठं तो थांबला. मग तिच्या गळ्यात हात टाकून त्यानं तिच्या मानेत तोंड खुपसलं. त्याचे खांदे हलत होते.

आक्का रस्त्याच्या कडेला मटकन बसली. मी तिच्या शेजारी बसले. बराच वेळ गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की डब्याची पिशवी कुठंतरी पडली आहे आणि माझ्या दोन्ही हातांत माझ्या चपला आहेत. कधी काढल्या, काही आठवत नव्हतं. पळायचं असतं म्हणून काढतात. एवढंच असतं ते.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले तर सोबती वॉर्डात होता. कोयता अडवायला हात वर केला होता म्हणे. बोटं हलवणारे टेंडन शिवले होते, पण बोटं पुरती मिटणार नाहीत असं डॉक्टर म्हणत होते. त्याची आई बाहेर बाकावर होती, चपला हातात. मी तिच्याजवळ बसले, त्या घेतल्या आणि तिच्या पायांत घातल्या. मग आत ड्रेसिंगला गेले. मला वाटलं तो माझ्या मुलाच्या नावानं बोटं मोडेल.

त्यानं विचारलं, "काकू, म्हस बरी हाय न्हवं?"

मी हो म्हटलं.

"गाडी तर माझ्याकडं होती," तो म्हणाला. "मग ती माझ्यामागं का आली न्हाई?"

मी त्याचा हात उशीवर नीट ठेवला.

मग पोलीस आले, मुलाला विचारायला. तो वडिलांबरोबर आणि आक्काबरोबर चौकीत जाऊन आला. भाईचेही निरोप आले. तेव्हा तालमीतली चार वयस्क माणसं भाईच्या दारात जाऊन बसली, चहा पिऊन परत आली. काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही. निरोप थांबले.

राहता राहिला पाडवा. गाडी गेली होती. माझ्या नवऱ्यानं आपल्या स्कूटरचा सायलेन्सर काढून आणला. तिचा आवाज ऐकून म्हैस रवंथ करत बसून राहिली. सगळी गल्ली हसली, नवराही हसला. मुलगा म्हणाला, "मी पळतो की पायानं."

त्या वर्षी मी खिडक्या लावल्या नाहीत. रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. एकामागून एक म्हशी मोटरसायकलींमागं धुरळा उडवत गेल्या. मग माईकवर माझ्या मुलाचं नाव आलं. त्याच्यामागून त्याच्या वडिलांचं, मग आमचं आडनाव, आणि मग, "यांची म्हैस." आक्कानं शब्द पाळला होता. मला आजोबा आठवले. त्यांना हे आवडलं असतं की नाही, मी सांगू शकत नाही. पण ते ऐकायला उभे राहिले असते, एवढं मात्र खरं.

तो अनवाणी आला, मोकळ्या रस्त्याच्या मधोमध पळत, "ये, बये, ये" म्हणत. गाडीच्या आवाजाला सरावलेले लोक एकदम गप्प झाले. नुसते घुंगरू, त्याची हाक आणि त्या खुरांचा आवाज. त्याचा वेग तो काय असणार? ती त्याला केव्हाच मागं टाकू शकली असती. तिनं टाकलं नाही. आपलं एवढं बळ आवरून, त्याच्या पावलाला पाऊल जुळवून, ती शेवटपर्यंत त्याच्या मागंच पळाली. त्यांचा नंबर आला नाही. मी मात्र भर रस्त्यात हात जोडून उभी होते. कुणाला जोडले ते विचारू नका.

माझ्या शेजारी कुणीतरी हाक देत होतं. घोगरा आवाज, "ये, बये, ये." बघते तर तो सोबती. हात गळ्यात बांधलेला, डोळे त्या दोघांवर.

मागून आक्का धापा टाकत आली. त्याला पाहून थांबली.

"पळालतास न्हवं तू?" ती म्हणाली.

त्यानं गळ्यात बांधलेला हात जरा उचलून दाखवला. मग म्हणाला, "आता धार काढता येणार न्हाय आक्का. बोटं मिटत न्हाईत."

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. बहुतेक मी काही बोलेन म्हणून. मी म्हटलं, "एका हातानं शेण काढता येतंय का, आक्का?"

"येतंय की," आक्का म्हणाली. "माझा हात मोडलता तवा मी काढलंय. पहाटे ये म्हणावं. उशीर करू नको, म्हस वाट बघती."